ग्रंथविक्रेत्याचे व्यासपीठ : ग्रंथकार, श्रोता आणि ग्रंथ

मराठी समीक्षेने ग्रंथाची निर्मिती, त्याचे स्वरूप आणि त्याचे मूल्य या तीन गोष्टींचा पुष्कळ विचार केला आहे. तो ग्रंथ वाचकाच्या हाती कोणत्या प्रसंगी व कोणाच्या मध्यस्थीने पडतो, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने थोडे लक्ष गेले. पुस्तकाच्या दुकानात लेखकाला पाचारण करून त्याचे विनामूल्य भाषण ठेवणे, त्याच्याशी गप्पागोष्टी घडवून आणणे, हा असाच एक मध्यस्थीचा प्रकार होय. ग्रंथप्रसाराचा उपाय म्हणून त्याची वाखाणणी होते, आणि ती बहुतांशी योग्यही आहे. तथापि अशा प्रसंगामुळे ग्रंथ वाचला जातो, की ग्रंथाऐवजी ग्रंथकारच ऐकला जातो, हा प्रश्न त्या वाखाणणीत झाकला जातो. बार्शीसारख्या गावाच्या वाङ्मयीन अनुभवावरून त्याचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

मराठीत या उपक्रमाच्या मागे दोन जुन्या परंपरा आहेत. पहिली व्याख्यानमालेची. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिचा कित्ता पुढे गावोगावी गिरवला गेला. या परंपरेत विषय आणि वक्ता हे प्रधान. वक्त्याने ग्रंथ लिहिलेला असावा, असा आग्रह नाही. दुसरी परंपरा संमेलनाची. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. तिच्या केंद्रस्थानी ग्रंथकार होता. 1885 च्या अशाच सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले, त्यामागेही व्यासपीठ कोणाचे आणि त्यावर कोणाच्या ग्रंथांना स्थान, हाच प्रश्न होता. म्हणजे मराठीतील वाङ्मयीन व्यासपीठ आरंभापासूनच निवडीचे व्यासपीठ आहे. प्रवेश विनामूल्य ठेवल्याने ती निवड नाहीशी होत नाही.

बार्शीने या दुसऱ्या परंपरेचा मोठा प्रसंग पाहिला आहे. 1980 चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावी भरले आणि गं. बा. सरदार हे त्याचे अध्यक्ष होते. ‘अर्वाचीन मराठी गद्याची पूर्वपीठिका’ आणि ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ हे सरदारांचे ग्रंथ सावकाश, टिपणे काढीत वाचावयाचे आहेत. पंढरपूरच्या वाटेवरच्या या प्रदेशात संतवाङ्मयाच्या सामाजिक अर्थाची चर्चा करणारा ग्रंथ परका वाटण्याचे कारण नाही. परंतु संमेलन ही तीन-चार दिवसांची जत्रा असते. मांडव उठला म्हणजे अध्यक्ष परत जातो, ग्रंथप्रदर्शनातील पेट्या पुन्हा बांधल्या जातात, आणि ज्याने भाषण ऐकले त्याला महिन्याभराने पुस्तक हवेसे वाटले, तर ते मिळावयाचे कोठे, हा प्रश्न उरतोच. नित्य उघडे राहणारे दुकान ही उणीव भरून काढू शकते. त्याच्या व्यासपीठाचे खरे महत्त्व येथे आहे : बोलणे संपल्यावरही ग्रंथ त्याच फळीवर उभा असतो.

मात्र आवाज आणि ग्रंथ यांचे नाते नेहमी सलोख्याचे नसते. याचे ठळक उदाहरण बार्शीच्याच मातीत जन्मलेले आहे. शाहीर अमर शेख यांचा जन्म 1916 चा, बार्शीचा. अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकातून आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून त्यांचा पहाडी आवाज महाराष्ट्रभर घुमला. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह. त्यांच्या आवाजाची आठवण जितक्या आवर्जून काढली जाते, तितकी या संग्रहांतील कवितेची चर्चा होताना दिसत नाही. आवाजाने कवीला लोकांपर्यंत नेले आणि त्याच आवाजाच्या कीर्तीआड कविता राहिली. शाहिरीत सादरीकरण हेच रचनेचे जीवित असते, हे मान्य केले तरी, छापलेल्या कवितेला स्वतंत्र न्याय मिळावयास हवा होता, ही खंत उरते.

हाच प्रकार कथेच्या क्षेत्रात अधिक सूक्ष्मपणे घडला. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाच्या निमित्ताने महाराष्ट्र पिंजून काढला. ज्यांनी कथासंग्रह कधी उघडला नव्हता, असे सहस्रावधी श्रोते त्यांनी कथेशी जोडले. हे कार्य लहान नव्हे. परंतु व्यासपीठाची स्वतःची अभिरुची असते. जमाव एकदम हसतो, पण एकदम अंतर्मुख होत नाही. त्यामुळे शंकर पाटलांची ‘धिंड’ श्रोत्यांच्या तोंडी बसली, आणि ‘वळीव’ या संग्रहातील शेतकऱ्याच्या जीवनाचे संयत, करुण चित्रण करणारे पाटील त्या मानाने मागे पडले. लेखक एकच; व्यासपीठाने त्याचा एक भाग उजळला व दुसरा अंधारात ठेवला. समीक्षकाने या निवडीची दखल घेतली नाही, तर लोकप्रियतेचा आलेख आणि वाङ्मयीन मूल्य यांची गल्लत होणे अटळ आहे.

ग्रंथविक्रेत्याने लेखकाला लोकांसमोर आणण्याचा मराठीतील सर्वपरिचित प्रयोग ‘मॅजेस्टिक’चा होय. गिरगावातील मॅजेस्टिक बुक स्टॉलचे केशवराव कोठावळे यांनी 1964 मध्ये ‘ललित’ मासिक सुरू केले. त्यात जयवंत दळवी यांनी ‘ठणठणपाळ’ या नावाने वाङ्मयव्यवहाराची खेळकर टिंगल केली. विलेपार्ले येथे भरत आलेल्या ‘मॅजेस्टिक गप्पां’नी हीच मोकळी हवा व्यासपीठावर आणली. लेखकाभोवतीचे धुके या उपक्रमांनी दूर केले. तथापि गप्पांत लेखकांच्या जोडीला नट, गायक, राजकारणी असे पाहुणेही येत गेले. वाचकाचे कुतूहल ग्रंथाकडून व्यक्तीकडे कसे सरकते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

येथे ‘विनामूल्य’ या शब्दाचीही परीक्षा केली पाहिजे. व्याख्यानमालेचा खर्च वर्गणीतून वा देणगीतून भागतो. दुकानातील कार्यक्रमाचा खर्च, म्हणजे पाहुण्याचा प्रवास, खुर्च्या, चहा, हा अखेरीस पुस्तकांवरील कमिशनातून निघावा लागतो. तालुक्याच्या गावी दुकानाचा संसार बहुधा जून महिन्यातील शालेय पुस्तके, वह्या व मार्गदर्शके यांवर चालतो. कथा-कवितेची फळी ही हौसेची बाब असते. असा विक्रेता साहजिकच गर्दी खेचणारा वक्ता शोधणार. त्याला दोष देता येत नाही. पण मग ज्याचे लेखन अवघड आहे, किंवा ज्याला सभेत बोलता येत नाही, त्या लेखकाचे काय, हा प्रश्न समीक्षेला टाळता येणार नाही.

जी. ए. कुलकर्णी यांचे उदाहरण या दृष्टीने कसोटीचे आहे. धारवाडला राहून लिहिणारा हा कथाकार सभासमारंभांपासून कटाक्षाने दूर राहिला. लेखकाची उपस्थिती हीच अट धरली, तर ‘काजळमाया’ या संग्रहाला दुकानाच्या व्यासपीठावर कधीच जागा मिळाली नसती. अट बदलली, तर मात्र मार्ग खुला होतो. पॅरिसमध्ये 7 डिसेंबर 1921 रोजी अ‍ॅड्रिएन मोनिए यांच्या पुस्तकाच्या दुकानात जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’ या तोवर ग्रंथरूपाने अप्रकाशित असलेल्या कादंबरीवर भाषण झाले. भाषण करणारे जॉइस नव्हते. ते वालेरी लार्बो होते, म्हणजे एक जाणता वाचक. समोरच्याच रस्त्यावर दुकान चालविणाऱ्या सिल्व्हिया बीच यांनी 1922 मध्ये ती कादंबरी प्रसिद्ध केली. अवघड ग्रंथाची वाट वाचकाने वाचकांसाठी मोकळी केली, असा हा प्रसंग आहे.

अशा रीतीसाठी मराठी माणसाला पॅरिसला जाण्याचे कारण नाही. बार्शीच्या भगवंत मंदिराच्या परिसराला आणि वारीच्या वाटेवरील प्रत्येक गावाला ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वारकरी कीर्तनात एक अभंग घेतला जातो आणि त्याचे निरूपण होते. अभंगाचा कर्ता समोर नसतो, असण्याची गरजही नसते. कीर्तनकार कितीही रंगला तरी त्याला वारंवार त्या चरणांकडे परतावे लागते. आणि श्रोत्यालाही ते चरण पाठ असल्यामुळे निरूपण कोठे भरकटले, हे तो ओळखतो. श्रोता येथे निष्क्रिय नाही. तो जाणकार आहे. निरूपणाची ही शिस्त दुकानातील कार्यक्रमाने उचलली, तर त्याचे स्वरूप पालटेल. आधी महिनाभर ग्रंथ फळीवर व सार्वजनिक वाचनालयात उपलब्ध असावा, म्हणजे ज्याला तो विकत घेणे परवडत नाही, असा विद्यार्थीही वाचून येईल. कार्यक्रमात एखादे प्रकरण, एखादी कथा समोर ठेवली जावी, आणि गावातील शिक्षकाने, वकिलाने किंवा आडतीवरील मुनिमाने तिच्यावर बोलावे. लेखक आला तर त्याने उत्तरे द्यावीत. न आला तरी कार्यक्रम अपुरा वाटू नये.

लेखकाच्या प्रत्यक्ष भेटीचे मोल यामुळे कमी होत नाही. पुस्तक लिहिणारा माणूस आपल्यासारखाच बोलतो, अडखळतो, हे पाहून लहान गावातील एखाद्या नवोदिताची लेखणी धीट होते, आणि हा लाभ कोणत्याही हिशेबात मांडता येत नाही. परंतु भेट हा आरंभ आहे, फलश्रुती नव्हे. कार्यक्रमाचे यश भरलेल्या खुर्च्यांवरून किंवा त्या संध्याकाळी खपलेल्या प्रतींवरून ठरविणे सोपे आहे. खरी कसोटी पुढची : त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच दुकानात कोणी येऊन त्या लेखकाचे न गाजलेले पुस्तक मागतो काय? तसा एक जरी वाचक आला, तरी विक्रेत्याचे व्यासपीठ सार्थकी लागले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.