‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

सुरुवात आपल्या खानदेशातूनच करू. ज्वारीची भाकरी आणि कापसाचा धागा. भाकरीतला स्टार्च आणि कापसातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. फरक फक्त दोन कड्यांमधल्या सांध्याचा. तेवढ्यानं एक पोटात जिरतं आणि दुसरं अंगावर घालावं लागतं! म्हणजे कर्बोदकात काय आहे एवढं कळून भागत नाही. ते कसं जोडलंय हे कळावं लागतं.

हे ओळखण्याची साधनं आज फार पुढं गेली आहेत. ‘साखरेची भाषा आता वाचता येते’ असं सर्रास लिहिलं जातं. माझा आक्षेप या ‘वाचता येते’वर आहे. ग्लुकोज, गॅलॅक्टोज आणि मॅनोज यांच्या रेणूंचं वजन एकच. नुसत्या वजनावरून त्या ओळखता येत नाहीत. तपासणी, जे विचाराल त्याचंच उत्तर देते.

मुंबईचंच उदाहरण बघा. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलेला रक्तगट आज ‘बॉम्बे’ नावानं ओळखला जातो. ए-बी-ओ रक्तगट ठरतात तांबड्या पेशींवरच्या साखरांवरून. आधी फ्यूकोज बसते, तो एच; त्यावर ए किंवा बीची साखर. या माणसांत ती फ्यूकोजच बसत नाही. आईबापांकडून एचा जनुक आला असला तरी ए दिसत नाही. नुसती ए-बी तपासणी केली तर चिठ्ठीवर ‘ओ’ येतं. पण ओ गटाच्या पेशींवर एच असतो आणि यांच्या रक्तात एचविरोधी प्रतिपिंडं. ओचं रक्त चढवलं तर जीवावर बेतू शकतं.

औषधांतही हेच झालं. हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध, तेही कर्बोदकच. २००८ साली अमेरिकेत त्यात भेसळ सापडली, रुग्ण दगावले. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी साखळी मिसळलेली होती, आणि नेहमीच्या चाचण्यांत माल पास झाला होता. एनएमआरनं भेसळ उघड केली. मग चाचण्यांचे निकषच बदलले.

आपल्या मीमांसकांनी, कुमारिल भट्टांच्या परंपरेनं, ‘अनुपलब्धी’ला स्वतंत्र प्रमाण मानलं, पण एक अट घालून. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही.

तेव्हा अहवालात ‘नाही’ लिहिलेलं दिसलं की एवढंच विचारा: असतं, तर या तपासणीत दिसलं असतं का?