स्थावरकाची साक्ष

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, ती कोणत्या अनुभवातून जन्मास आली असेल याचा विचार आपण सहसा करीत नाही. ही पायरी चढणाऱ्यांत वादी आणि प्रतिवादी यांच्याखेरीज तिसराही एक माणूस असतो. त्याचे काही हरवलेले नसते, त्याला काही मिळवायचेही नसते. त्याने केवळ पाहिलेले असते. म्हण त्यालाही हेच शहाणपण शिकविते. गुन्हा डोळ्यांदेखत घडतो आणि पाहणारा ‘नसते लचांड’ म्हणून वळसा घालून घरी जातो. त्याला आपण भित्रा म्हणतो, समाजाच्या नीतिऱ्हासाबद्दल चार वाक्ये बोलतो आणि मोकळे होतो. हा निवाडा पुरेसा आहे काय, असा प्रश्न आम्हांस बरेच दिवस पडला आहे. त्याचे उत्तर शोधताना एका प्राचीन नाटकाने आम्हांस जेवढे साहाय्य केले, तेवढे कोणत्याही कायद्याच्या ग्रंथाने केले नाही. त्या नाटकाकडे वळण्यापूर्वी मात्र सुरतेस जाणे भाग आहे; कारण हा प्रश्न तेथे जसा उघडा पडला तसा इतरत्र क्वचितच पडला असेल.

सुरत आपणांस परकी नाही. आजची सुरत तर खानदेशातून पोटामागे गेलेल्या मराठी कुटुंबांमुळे अधिकच जवळची झाली आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत मराठी सहज कानांवर पडते. या शहरातील दोन बहिणींनी ऑक्टोबर २०१३ मध्ये बलात्काराच्या दोन फिर्यादी नोंदविल्या. थोरलीची फिर्याद आसाराम यांच्याविरुद्ध होती, धाकटीची त्यांचा पुत्र नारायण साई याच्याविरुद्ध. आरोपींच्या पाठीशी आश्रम होते, पैसा होता, अनुयायांचा प्रचंड समुदाय होता. पुढील दोन वर्षांत या पितापुत्रांवरील निरनिराळ्या खटल्यांतील साक्षीदारांवर एकामागून एक हल्ले झाले. २०१४ च्या आरंभी सुरतेतच एकावर तेजाब फेकले गेले. मे २०१४ मध्ये राजकोट येथे एका वैद्यावर गोळी झाडण्यात आली व पुढे ते मरण पावले. जानेवारी २०१५ मध्ये मुजफ्फरनगर येथे आश्रमातील एका माजी आचाऱ्याचा, तर जुलै २०१५ मध्ये शाहजहानपूर येथे आणखी एका साक्षीदाराचा बळी गेला. मे २०१५ मध्ये पानिपत जिल्ह्यात महेंद्र चावला यांच्यावर त्यांच्या घरातच गोळीबार झाला, ते बचावले. नारायण साईस सुरतेच्या सत्र न्यायालयाने दोषी ठरविले ते एप्रिल २०१९ मध्ये. थोरल्या बहिणीच्या फिर्यादीचा निकाल गांधीनगर येथे लागण्यास जानेवारी २०२३ उजाडला. दोन्ही ठिकाणी शिक्षा जन्मठेपेची झाली. परंतु एकीला साडेपाच वर्षे आणि दुसरीला सव्वानऊ वर्षे थांबावे लागले.

याच शहरालगत पासोदरा येथे १२ फेब्रुवारी २०२२ रोजी एका तरुणाने एका तरुणीचा भरदिवसा, लोकांच्या देखत गळा चिरला. त्या वेळी ‘सुरतेचे लोक बघत राहिले’ असा आक्रोश सर्वत्र झाला. तथापि पुढे काय घडले याकडे आमचे लक्ष अधिक वेधते. आरोपी जागीच सापडला होता, घटनेची चित्रफीत होती, सुनावणी झपाट्याने चालली आणि ५ मे २०२२ रोजी, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, सुरतेच्या न्यायालयाने देहान्ताची शिक्षा फर्माविली. तेथे साक्षी झाल्या, आणि त्या देण्यासाठी कोणास गाव सोडावे लागल्याचे ऐकिवात नाही. शहर एकच, माणसेही त्याच मातीची. मग एका खटल्यात साक्ष देणे जिवावरचे संकट ठरते आणि दुसऱ्यात ते नागरिकाचे साधे कर्तव्य राहते, याचे कारण सुरतेच्या नीतिमत्तेत शोधून सापडणार नाही. साक्षीनंतर साक्षीदाराला कोणाच्या छायेत राहावयाचे आहे आणि ती छाया किती वर्षे टिकणार आहे, यावर त्याचे धैर्य ठरते.

शूद्रकाने ही गोष्ट ओळखली होती. ‘मृच्छकटिक’ नाटक देवलांच्या संगीत अवतारामुळे मराठी प्रेक्षकाच्या घरचे झाले. परंतु त्यातील प्रेमकथेच्या माधुर्यात आपण इतके गुंगलो की, हे नाटक साक्षीदारांचेही आहे इकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. राजाचा मेहुणा शकार पुष्पकरंडक उद्यानात वसंतसेनेचा गळा दाबतो आणि ती मेली असे समजून खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो. खरे काय ते दोघांना ठाऊक असते. एक शकाराचा विट, दुसरा त्याचा चेट स्थावरक. तिला मारण्यास दोघांनीही नकार दिलेला आहे. दोघेही सज्जन आहेत. मग न्यायसभेत दोघांपैकी एकही का दिसत नाही?

विट हा सुशिक्षित, रसज्ञ, स्वतंत्र वृत्तीचा पुरुष. घडला प्रकार कळताच तो शोकाने व्याकूळ होतो. परंतु त्याने शकाराची निर्भर्त्सना करताच शकार खुनाचा आरोप त्याच्यावरच ढकलू पाहतो. विट तलवारीला हात घालतो, शकार घाबरतो, आणि विट तेथून जो निघतो तो थेट राजाविरुद्ध बंड करणाऱ्या आर्यकाच्या गोटात जातो. बंड करण्याएवढे धैर्य ज्याच्या अंगी आहे, त्याला न्यायसभेत जाऊन दोन वाक्ये सांगण्याचे धैर्य होत नाही! हा शूद्रकाचा विसर नव्हे. हे त्याचे मर्मज्ञान आहे. बंडखोराच्या हाती निदान शस्त्र असते, साक्षीदाराच्या हाती काहीच नसते. उलट पाहणाऱ्यालाच आरोपी करून टाकण्याची सोय सत्ताधाऱ्याच्या हाती असते. आजही अपघात पाहून थांबणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो हाच.

स्थावरकाची गोष्ट निराळी. तो दास आहे. धन्याची सत्ता आपल्या देहापुरती आहे, शीलावर ती चालत नाही, असे तो मार खाता खाता बजावतो. म्हणून शकार त्याला बेड्या घालून वाड्याच्या गच्चीवर कोंडतो. चारुदत्ताला वधस्थानी नेत असल्याची दवंडी त्याच्या कानी पडते. तो ओरडतो, पण आवाज पोहोचत नाही. तेव्हा तो खाली उडी टाकतो. बेडी तुटते, तो वाचतो, आणि धावत जाऊन चांडाळांना खरे ते सांगतो. शकार त्याच्या हाती गुपचूप सोन्याचे कडे देऊ करतो. स्थावरक ते लोकांना दाखवितो. शकार तेच कडे हिसकावून घेऊन म्हणतो, हा चोर आहे, हेच कडे चोरल्याबद्दल मी याला बांधले होते. चांडाळ त्याच्या पाठीवरील वळ पाहतात आणि त्यांची खात्री पटते: मार खाल्लेला नोकर, तो धन्यावर काय वाटेल ते बोलणारच. ज्या छळामुळे त्याच्या शब्दाला मोल यावे, तोच छळ त्याच्या शब्दाविरुद्धचा पुरावा ठरतो. साक्षीदार मागे का राहतो याचे याहून निर्दय आणि अचूक चित्र आमच्या वाचनात नाही.

न्यायसभेत आपण होऊन येतो तो एकटा वीरक. आणि तोही सत्यासाठी येत नाही. चंदनकाने लाथ मारली, तिची तक्रार घेऊन तो आला आहे. ओघात तो चारुदत्ताच्या गाडीची हकीकत सांगून जातो आणि निरपराधाभोवतीचा फास आवळतो. वसंतसेनेची माता चारुदत्तावर माया करणारी. पण विचारल्यावर जे बोलावे लागते ते त्याच्या विरुद्धच जाते. खुद्द न्यायाधीश प्रारंभी शकाराची फिर्याद त्या दिवशी घेण्याचे नाकारतो. शकार राजाकडे जाऊन तुला काढून टाकवीन असे धमकावतो, आणि न्यायाधीश नमतो. आसनावर बसलेलाच जेथे कापतो, तेथे पायरीखाली उभ्या असलेल्याने काय करावे?

या रचनेत एक उणीव आहे, आणि ती झाकण्याचे कारण नाही. स्थावरकाची साक्ष शेवटी वाया जाते. चारुदत्त वाचतो तो वसंतसेना जिवंत परतल्यामुळे, आणि त्याची प्रतिष्ठा सावरते ती राजाच पालटल्यामुळे. नाटककाराने साक्षीवर विश्वास टाकला नाही. योगायोगावर आणि बंडावर टाकला. खऱ्या जगात मेलेली वसंतसेना परत येत नाही. तेथे साक्षीवाचून दुसरा आधार नसतो.

तो आधार सुटला म्हणजे काय होते, हे चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाने दाखविले. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूस एका शाहिराचे गाणे कारण झाले, असा तेथे आरोप आहे. सरकार पक्षाचा एक साक्षीदार असा निघतो की, पोलिसांच्या कितीतरी खटल्यांत तोच उभा राहत आला आहे. खऱ्या पाहणाऱ्याने पाठ फिरविली की त्याची जागा रिकामी राहत नाही; तेथे नेहमीचा ठरलेला पंच येऊन बसतो. याच चित्रपटात त्या कामगाराची विधवा साक्षीला येते आणि नवरा कशा रीतीने, कोणत्याही साधनाविना, दगड टाकून अंदाज घेत गटारात उतरत असे ते निर्विकारपणे सांगते. त्या स्वरात शौर्याचा लवलेश नाही. विचारले म्हणून ती सांगते, एवढेच. दिग्दर्शकाने हा प्रसंग चढविला नाही, हा त्याचा मोठा गुण. सामान्य माणूस खोटे बोलण्यास उतावीळ नसतो, हे त्यातून आपोआप कळते.

म्हणूनच न्यायालयीन मराठीतील ‘फितूर साक्षीदार’ हा शब्दप्रयोग आम्हांस खटकतो. फितुरी म्हणजे शत्रूला मिळून केलेला दगा. जबानी फिरविणाऱ्यांत असे दगेखोर असतातच. पण सर्वांना एकाच शब्दाने डागण्यापूर्वी त्यांची वाट पाहावी. पोलिसांपुढील जबानी हा पुरावा मानला जात नाही. तीच हकीकत पुढे शपथेवर, आरोपीच्या समोर, पुन्हा सांगावी लागते. साक्षीदारांच्या जबान्यांच्या नकला आरोपीस मिळतात, आणि न्याय्य सुनावणीसाठी त्या मिळावयासही हव्यात. म्हणजे एकदा दाखविलेले धैर्य पुरत नाही. ते कित्येक वर्षांनी, आपले नाव सर्वांना ठाऊक झाल्यावर, दुसऱ्यांदा दाखवावे लागते. मधल्या काळात तारखा पडत राहतात. मागावर काम करणाऱ्या मजुराची प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते. गावी गेला असेल तर रेल्वेचे भाडे, खोली मालकाची आणि नोकरी मुकादमाची. न्यायालयात साक्षीदाराला बसावयास जागा नसते, पुढच्या तारखा पाडून त्याला थकविले जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्वर्णसिंग खटल्यात स्वतःच कबूल केले आहे.

पानिपतचे महेंद्र चावला नारायण साईविरुद्धचे साक्षीदार. ते, एका मृत साक्षीदाराचे पिता आणि आणखी दोघे सर्वोच्च न्यायालयाकडे गेले, आणि ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजनेला कायद्याचे बळ मिळाले. तीनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील समितीकडे साक्षीदाराने अर्ज करावयाचा, पोलिसांनी धोक्याचा अहवाल द्यावयाचा आणि धोक्याच्या तीन श्रेणींप्रमाणे संरक्षण मिळावयाचे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने प्रत्येक राज्यावर अशी योजना करण्याचे बंधन घातले आहे. हे पाऊल मोठे आहे, यात शंका नाही. परंतु त्या योजनेत संरक्षण एका वेळी फार तर तीन महिन्यांचे. आणि आपण पाहिलेला खटला साडेपाच वर्षांचा. शिवाय गोळीची भीती असणाऱ्यासाठी दार उघडले तरी बुडालेल्या मजुरीची आणि रागावलेल्या मुकादमाची भीती बाळगणारा, जो संख्येने कितीतरी अधिक, तो बाहेरच राहतो.

नाटकाच्या शेवटी नव्या राज्यात बक्षिसे वाटली जातात, तेव्हा चारुदत्त स्थावरकासाठी एकच गोष्ट सांगतो: याचे दास्य संपावे. प्रेक्षक या वाक्यावर संतुष्ट होऊन उठतो. आम्हीही अनेक वेळा तसेच उठलो. आता मात्र त्या वाक्याने समाधान होत नाही. दास्य आधी सुटले असते, तर स्थावरकाला गच्चीवरून उडी टाकावी लागली नसती. तो पायऱ्या उतरून न्यायसभेत गेला असता, आणि चांडाळांऐवजी न्यायाधीशाने त्याचे ऐकले असते. सुरतेच्या त्या दोन बहिणींनी आणि त्यांच्या बाजूने बोललेल्यांनी उडी टाकली; काहींची बेडी तुटली, काही परतलेच नाहीत. प्रत्येक साक्षीदाराकडून अशा उडीची अपेक्षा धरणे आणि ती न टाकणाऱ्यास भित्रा म्हणणे, हे पायऱ्या न बांधणाऱ्यांना फार सोयीचे आहे.