धारुरात धारूरकर कोण?

आडनावांचा अर्थ सांगताना आपले अभ्यासक ‘धारूरकर म्हणजे धारूरचे’ एवढे सांगून मोकळे होतात. मला ही उकल अर्धवट वाटते. खुद्द धारुरात सगळेच धारूरचे. तिथे या नावाने कोण कोणाला वेगळे ओळखणार? असे नाव परगावात पडते. म्हणजे ‘-कर’ गाव सांगतो, त्याहून अधिक गाव सुटल्याचे सांगतो.

जर्मन आडनावांतला ‘-अर’ हेच काम करतो. फ्रँकफुर्टर हे नाव फ्रँकफुर्टबाहेरच उपयोगाचे. (‘-कर’ आणि ‘-अर’ यांच्या ध्वनिसाम्यावरून नाते जोडण्याचा मोह मात्र आवरावा.) ‘शुल्त्से’ वेगळ्या जातकुळीचे: मूळ अर्थ गावप्रमुख, आपला पाटीलच म्हणा ना!

ही नावे पुढे सरकारी दप्तराने गोठवली. हाब्सबुर्ग सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८७ मध्ये ज्यूंवर कायम आडनावाची सक्तीच केली.

आपल्याकडेही आता आडनाव कागदावर गोठले आहे. म्हणूनच केज-पाटोद्याकडचे ऊसतोड मजूर दरसाल दसरा-दिवाळीनंतर कोल्हापूर-सांगलीकडे उतरतात, महिनोन्‌महिने परगावी राहतात, तरी त्यांचे आडनाव ‘बीडकर’ होत नाही. नवे नाव मिळते ते वेगळेच. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’.