आबांना चालू द्यावे काय?

पारोळ्यात एखाद्या घरी मोठे ऑपरेशन ठरले, धुळ्याच्या किंवा जळगावच्या दवाखान्याची तारीख मिळाली, की घरचे बजावतात, "आबा, आता मळ्यात जाऊ नका. पडून राहा, ताकद साठवा." यात माया आहे, शरीरशास्त्र नाही. ताकद कणगीतल्या ज्वारीसारखी साठवता येत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवले, तर त्यांच्या पायांतले स्नायू जवळजवळ १ किलोने घटले.

म्हणून हल्ली उलट सल्ला मिळतो: ऑपरेशनआधी व्यायाम करून घ्या. तो आम्हांला पटतो. त्याच्या पुष्ट्यर्थ जे आकडे पुढे केले जातात, ते मात्र वर्गात तपासून पाहावेत असे आहेत.

१९९३ साली मेलबर्नच्या पॉल ओल्डर व सहकाऱ्यांनी १८७ वृद्ध रुग्णांना ऑपरेशनपूर्वी जागेवरची सायकल चालवायला लावली. श्रम वाढत गेले की एका टप्प्यावर स्नायूंना ऑक्सिजन पुरेनासा होतो व रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू लागते. वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ११ मिलिलिटर ऑक्सिजन वापरण्याच्या आतच हा टप्पा ज्यांना आला, अशा ५५ जणांपैकी १० जण ऑपरेशननंतर हृदय व रक्ताभिसरणाच्या विकारांनी दगावले. उरलेल्या १३२ पैकी फक्त १.

यावरून 'व्यायाम केला असता तर ते दहा वाचले असते' असे म्हणता येईल काय? नाही. दुबळे हृदय हेच कमी दमाचे आणि मृत्यूचेही कारण असू शकेल. शाळेतल्या उंच मुलांना गणित जास्त येते, कारण ती वरच्या वर्गात असतात. म्हणून कोणी पहिलीच्या मुलाला गणितासाठी बारला लटकवत नाही!

खरा पुरावा चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांच्या तुलनेतून मिळतो. बार्सिलोनाच्या प्रयोगात (२०१८) व्यायामाच्या गटातील ३१ टक्के रुग्णांना ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली, तर दुसऱ्या गटातील ६२ टक्क्यांना. मॉन्ट्रियलमध्ये (२०२०) आतड्याच्या कर्करोगाच्या ११० अशक्त रुग्णांत फरकच आढळला नाही. पण तिथे दुसऱ्या गटालाही ऑपरेशननंतर व्यायाम दिला होता. 'व्यायाम की काहीच नाही' अशी ती तुलना नव्हती. २०२३ च्या एका मोठ्या प्रयोगात ४ आठवड्यांच्या तयारीने गंभीर गुंतागुंत सुमारे ३० टक्क्यांवरून १७ वर आली. त्या तयारीत प्रथिनांचा आहार आणि धूम्रपान सोडवणेही होते. श्रेय नेमके कशाला द्यायचे?

विद्यार्थ्यांनी मैदानावर ३० मीटर आखून सहा मिनिटांत किती चालणे होते ते स्वतःवर मोजावे; दवाखान्यातही रुग्णाचा दम असा पाहतात. आबांना चालवायचे ते मात्र डॉक्टरांना विचारूनच, कारण काही हृदयविकारांत श्रम घातक ठरतात.

हे सर्व प्रयोग शहरी इस्पितळांतले. रोज मळ्यात राबणाऱ्या आबांचा दम मुळात चांगला असेल, तर वेगळ्या व्यायामाने किती भर पडेल? कदाचित त्यांना तारखेपर्यंत मळ्यात जाऊ देणे, एवढेच करायचे असेल.