संस्थेचे सातत्य : एका विचारपद्धतीची चिकित्सा

एखादी संस्था वर्षानुवर्षे उत्तम काम कशामुळे करते, या प्रश्नाला व्यवस्थापनशास्त्रात गेल्या चाळीसएक वर्षांत मोठी प्रतिष्ठा लाभली आहे. पीटर्स आणि वॉटरमन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अमेरिकेतील ४३ कंपन्यांच्या निरीक्षणावरून उत्कृष्टतेची आठ लक्षणे मांडली. जिम कॉलिन्स यांनी २००१ मध्ये अकरा कंपन्या निवडून, सामान्य संस्था श्रेष्ठ कशी होते, याचे विवेचन केले. हे ग्रंथ अफाट खपले आणि त्यांची परिभाषा विद्यापीठांच्या अहवालांतही शिरली. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रांतात का शिरावे, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर इतकेच की, उपलब्ध पुराव्यावरून अनुमान करण्याचे नियम सर्व शास्त्रांत सारखेच असतात आणि पाठचिकित्सेने ते विशेष कसोशीने पाळले आहेत.

या ग्रंथांतील मुख्य दोष चक्रक युक्तिवादाचा आहे. प्रथम यशस्वी संस्था निवडावयाची, मग तिच्या यशाची कारणे तिच्याच अधिकाऱ्यांच्या मुलाखतींतून आणि वृत्तपत्रांतील स्तुतिलेखांतून गोळा करावयाची, असा हा क्रम आहे. यश आले की दृढता दिसते. अपयश आले की तीच दृढता हट्ट ठरते. फिल रोझेनझ्वाइग यांनी २००७ मधील ग्रंथात हा दोष नेमका दाखविला आहे. कॉलिन्स यांनी तुलनेसाठी इतर कंपन्याही घेतल्या होत्या, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. तथापि पुराव्याला लागलेले यशाचे वलय त्यामुळे पुसले जात नाही. त्यांच्या अकरांपैकी फॅनी मे ही संस्था २००८ मध्ये सरकारी नियंत्रणाखाली गेली आणि सर्किट सिटीने त्याच वर्षी दिवाळखोरीचा अर्ज केला. संपादकाने आपल्याला आवडलेला पाठ मूळ मानावा आणि मग तो ज्या पोथीत सापडतो तिलाच प्रमाण म्हणावे, तसाच हा प्रकार होय.

यापेक्षा निराळ्या रीतीने विचार करण्यास पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे चांगले उदाहरण आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९१९ मध्ये हे कार्य आरंभिले. १९२३ मध्ये विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती उतगीकरांनी सिद्ध केली. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले आणि १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले. १९४३ मध्ये सुकथनकर निवर्तले; पुढे बेलवलकर आणि त्यानंतर प. ल. वैद्य यांनी ती धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये कार्य सिद्धीस गेले.

येथे प्रश्न असा की, प्रमुख दोनदा बदलले असता कामाचे मान टिकले कसे? सुकथनकरांची प्रतिभा हे त्याचे उत्तर नव्हे. प्रतिभा वारसाहक्काने मिळत नाही. उत्तर कामाच्या रचनेत आहे. रूढ मुद्रित पाठाचा प्रत्येक श्लोक अक्षरागणिक चौकटींत लिहावयाचा आणि प्रत्येक पोथीतील भेद त्या त्या अक्षराखाली नोंदावयाचा, अशी तक्त्यांची पद्धत होती. कोणताही भाग किमान दहा हस्तलिखितांशी ताडून पाहावयाचा, असा दंडक होता. आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांसाठी साठ हस्तलिखिते पाहिली गेली. नाकारलेले पाठ तळटीपांत छापले गेले आणि स्वीकारलेला पाठ जेथे निश्चित नाही तेथे त्याखाली नागमोडी रेघ दिली गेली. ही रेघ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संस्थेने आपली अनिश्चितता स्वतःच छापली आणि उत्तराधिकाऱ्याच्या, तसेच विरोधकाच्याही हाती तपासणीचे साधन दिले.

यावर आक्षेप येईल की, हेही यशस्वी उदाहरण यश कळल्यावरच निवडलेले आहे. आक्षेप रास्त आहे. म्हणून यशाकडे न पाहता संस्थेच्या अंतर्गत भेदांकडे पाहावे. सभापर्व अमेरिकेतील एजर्टन यांनी, विराटपर्व रघुवीर यांनी, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी संपादिले. व्यक्ती, स्थळ व काळ भिन्न; पद्धत मात्र एक. संपादकांचे निर्णय विवाद्य असतील, पण प्रत्येक निर्णयाचा पुरावा त्याच पानावर सापडतो. जे बदलले नाही त्यालाच सातत्याचे कारण म्हणण्यास येथे काही आधार मिळतो. उलट, पद्धतीने वेगाचीही हमी मिळते असे मात्र म्हणता येणार नाही. महाभारताला ४७ वर्षे लागली. पुण्यातीलच डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाचे काम १९४८ मध्ये सुरू झाले आणि त्याचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. तेव्हा पद्धत जपते ती गुणवत्ता आणि तिची तपासणीक्षमता. गती ही निधी, मनुष्यबळ आणि विषयाचा विस्तार यांवर अवलंबून राहते.

हा भेद विद्यापीठीय विभागांच्या दृष्टीने केवळ तात्त्विक नाही. बोलींचे सर्वेक्षण, शब्दकोश, हस्तलिखितसूची ही कामे एका प्राध्यापकाच्या सेवाकाळापेक्षा दीर्घ असतात. शब्दपट्ट्यांवरील संकेत ज्याला ठाऊक तो निवृत्त झाला की पट्ट्या मुक्या होतात आणि नव्या माणसास पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. अशा वेळी प्रेरक नेतृत्वाचा शोध घेणारे ग्रंथ उपयोगी पडत नाहीत. अमुक शब्द का घेतला, तमुक का वगळला, कोठे शंका राहिली, हे त्याच दिवशी, परक्यालाही कळेल अशा भाषेत नोंदविणे उपयोगी पडते. संशोधनप्रकल्पाची परीक्षा करताना समितीने प्रमुखाचा लौकिक विचारण्यापूर्वी ती नोंदवही मागावी.