'प्रेमासाठी गादी सोडली' : हे वाक्य संशोधनात चालेल का?

संशोधन म्हटलं की आपण थेट प्रश्नावलीकडे धावतो. त्याआधी आज एक वाक्य तपासू: "इंदूरच्या तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी अमेरिकन मुलीच्या प्रेमापायी गादी सोडली आणि लोक खवळले." ऐकायला झकास आहे, पण माझ्या मते यात तीन चुका आहेत.

पहिली चूक क्रमाची. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर गाडी अडवून अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. गाडीत मुमताज बेगम होती. ती आधी इंदूर दरबारात होती, आणि हल्लेखोर तिलाच पळवायला आले होते. खटल्याचे धागे इंदूरपर्यंत गेले. महाराजांवर खटला चालला नाही, पण इंग्रज सरकारनं दोनच पर्याय ठेवले: चौकशी आयोग किंवा गादी सोडणं. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलगा यशवंतराव याच्यासाठी गादी सोडली. नॅन्सी मिलरचं नाशिकला धर्मांतर आणि मग महाराजांशी लग्न झालं मार्च १९२८ मध्ये. परिणाम आधी आणि कारण दोन वर्षांनी, असं कसं होईल?

दुसरी चूक 'लोक' या शब्दाची. त्या काळी आपल्याकडे जनमत चाचणी नव्हती. हाती आहेत वर्तमानपत्रं, खटल्याच्या नोंदी आणि याच प्रकरणावर बेतलेला 'कुलीन कांता' (१९२५) हा मूकपट. वर्तमानपत्र साक्षरांचं, मूकपट तिकीट काढणाऱ्यांचा. इंदूरच्या शेतकऱ्याचं मत यात कुठं आहे? आपल्या गोंदियात धान घेणारा पोत्याच्या फक्त तोंडाशी हात घालत नाही, खालचंही बघतो. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट'नं १९३६ मध्ये वीस लाखांवर उत्तरं गोळा केली, तरी निवडणुकीचा अंदाज सपशेल चुकला. नावं घेतली होती मुख्यतः फोन आणि मोटार असलेल्यांच्या याद्यांतून. नमुना मोठा होता, पण तोंडाशीच घेतलेला.

त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटनच्या आठव्या एडवर्डनं खरोखरच लग्नासाठी गादी सोडली. तिथली वर्तमानपत्रं त्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत गप्पच होती. मग लोकांना काय वाटतं हे कळणार कुठून? ही उणीव जाणवली म्हणूनही १९३७ मध्ये 'मास ऑब्झर्व्हेशन' हा सामान्यांची रोजची मतं टिपणारा उपक्रम सुरू झाला.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते: 'प्रेम'. मुमताजनं कोर्टात साक्ष दिली की तिला इंदूरला परत जायचं नव्हतं. तिचे शब्द नोंदीत आहेत. तरी आपण प्रेमकथा सांगतो, त्यात ती उरतच नाही आणि एका माणसाचा जीव गेला हेही मागे पडतं. चुकीचं लेबल लावलं की माहितीसोबत माणूसही गळतो.

मग प्रश्न कसा मांडायचा? "होळकर प्रकरणावर जनमत काय होतं?" असा नको. "१९२५ ते १९२८ मध्ये निवडक मराठी वर्तमानपत्रांनी हे प्रकरण कसं मांडलं?" असा घ्या. प्रश्न लहान झाला, पण त्याचं उत्तर पुराव्यानिशी देता येतं. गाईडसमोर उभं राहताना हाच फरक कामी येतो.

आता तुमचा संशोधन प्रस्ताव काढा. 'लोक', 'समाज', 'जनता' हे शब्द जिथं दिसतील तिथं खाली रेघ मारा आणि शेजारी लिहा: नेमके कोण? लिहिता आलं नाही, तर ते वाक्य अजून तयार नाही.