जोप्पो कसं लिहायचं?

के. एस. नागराज यांचं 'द निहाली लँग्वेज' मी मागवलं ते निव्वळ गावच्या अभिमानापोटी. मी जळगाव जामोदचा. आमच्या तालुक्यातल्या भाषेवर म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानानं २०१४ साली अख्खं पुस्तक काढलं, आणि ते मला पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं!

सातपुड्याच्या कुशीत सोनबर्डी, कुवरदेव अशा गावांत दोन-अडीच हजार माणसं निहाली बोलतात. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिची सोयरीक सिद्ध झालेली नाही. पाणी म्हणजे जोप्पो, मी म्हणजे जो. एकला बिदुम, दोन, तीन, चार द्राविडी वळणाचे. जनगणनेत दहा हजारांखालच्या भाषा वेगळ्या दाखवत नाहीत, त्यामुळे तिथे ती सापडत नाही. गंमत म्हणजे संगणकाच्या जगात तिला 'एनएलएल' असा स्वतंत्र कोड आहे.

नागराजांनी व्याकरण, कथा आणि शब्दसंग्रह एकत्र आणला, हे मोठं काम आहे. पण पुस्तक इंग्रजीत, भाषाशास्त्रज्ञांसाठी. पहिलीच्या गुरुजींना त्यातून एक धडाही काढता येणार नाही. मग सोपा उपाय सुचतो: देवनागरीत उतरवा आणि बालभारतीसारखं पुस्तक करा. मलाही तोच सुचला होता.

अडचण लिपीची नाही, लाल पेनाची आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, मग उच्चार कसाही असो. निहालीत स्वराची लांबी अर्थ बदलू शकते. ऱ्हस्व ए-ओसाठी युनिकोडमध्ये ऎ, ऒ आहेत, पण मराठी शाळेत ते कोणी पाहिलेत? निहाली पोरगं कानाला ऐकू येतं तसं बरोबर लिहील आणि मराठी शिकलेले गुरुजी ते खोडतील. हे मी अंदाजानं म्हणत नाही. 'डोळा'चा 'डोया' लिहून छडी खाल्लेली आम्ही वऱ्हाडी पोरं. आमच्या मागे निदान अख्खा बाजार 'डोया' म्हणत होता.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनानं मान्य केले. इतकी शतकं लिहिल्यावर आपल्याला हे जमलं, आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याच वर्षी आम्स्टरडॅमला काइपर यांचं 'नहाली' निघालं. त्यांनी एक शक्यता मांडली, की निहालीचं वेगळेपण चोरभाषेसारख्या गुप्त बोलीतून आलेलं असू शकतं. वाचून डोकंच फिरलं. ज्यांच्याकडे कोणी धड बघितलं नाही, त्यांना चोर म्हणणं सोपं असतं.

पण राग ओसरल्यावर त्याच वाक्याशी अडकलो. निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या हाताखाली राहिले. कोरकू सगळ्यांना येते. बाहेरच्याला कळू नये तेव्हा निहाली बोलायची, अशी नोंद अभ्यासकांनी केली आहे. यात चोरी कुठली? ही आडोशाची भाषा आहे. आता ती फळ्यावर लिहायची म्हणजे आडोसा काढून घ्यायचा. राज्यघटनेचं ३५०-अ कलम आणि २०२०चं शैक्षणिक धोरण दोन्ही मातृभाषेची बाजू घेतात, आणि मीही घेतो. पण 'भाषा वाचवा' म्हणणाऱ्या आपल्यापैकी कोणी बोलणाऱ्यांना हा प्रश्न विचारलेला मला दिसला नाही.

म्हणून नागराजांच्या पुस्तकाबद्दल माझी तक्रार शेवटी उलटीच निघते. त्यातून घाईनं व्याकरण उचलू नये. नाम-सर्वनामाचे तक्ते पहिलीच्या पोरांना मराठीतही कळत नाहीत. त्यातल्या कथा उचलाव्यात. त्या पोरांना वाचून दाखवाव्यात, त्यांना हव्या तशा लिहू द्याव्यात. एका शब्दाची दोन-तीन स्पेलिंगं झाली तर होऊ द्यावीत. आणि त्याआधी, यातली कुठली कथा छापायची नाही, हे त्यांच्या आजीला विचारावं.